मागच्या ड्युटीची कामं रोज माझ्या अंगावर पडतात, काय करू?

एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. दुपारची ड्युटी घ्यायला गेले की सकाळच्या सिस्टरांची बरीच कामं तशीच पडलेली असतात. दोनची इंजेक्शनं, ड्रेसिंग, लॅबला न गेलेली सॅम्पल, अर्धवट आय.ओ. चार्ट (पेशंटच्या शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं याची नोंद). त्या सिनियर आहेत, दोन मिनिटांत ओव्हर देऊन, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या ड्युटीला सोपवून, निघून जातात. बोलले तर वाईटपणा, नाही बोलले तर रोजची मरमर. काय करावं?"

वॉर्डातली निम्मी भांडणं दुपारी पावणेदोन ते सव्वादोन या अर्ध्या तासात होतात. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून, आणि या अर्ध्या तासाचा जितका विचार केला तितका दुसऱ्या कशाचा केला नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

पेशंटचं काम अडवून धरायचं नाही, हे तुला सांगायला नको. राहिलेलं इंजेक्शन तू देतेस, ते बरोबरच करतेस. पण तू ते मुकाट्यानं करतेस, आणि सगळा घोळ तिथे आहे. काम अंगावर घे, पण ते कुणाचं राहिलं होतं हे त्याच वेळी, त्याच माणसासमोर, शांतपणे बोलून घे. गप्प राहून केलेलं काम दोन दिवसांत तुझंच होऊन बसतं. समोरच्याला ते राहिलं होतं याचा पत्तासुद्धा लागत नाही.

माझंच सांगते. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी मी पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात होते. सकाळला एक सिनियर सिस्टर असायच्या. त्यांच्यानंतर मी ड्युटी घ्यायचे तेव्हा ट्रॉली रिकामी, ड्रेसिंगच्या सामानाचे ड्रम ऑटोक्लेव्हला (निर्जंतुक करायला) गेलेले नाहीत, इमर्जन्सी ट्रे तपासलेला नाही. चार महिने मी हे सगळं रोज भरून काढलं. घरी येऊन नवऱ्यापाशी चिडचिड केली, चहाला बसल्यावर मैत्रिणींपाशी केली. त्या सिस्टरांना मात्र एक शब्द बोलले नाही. मग एका संध्याकाळी अकरा नंबरचा पेशंट एकदम धापा टाकायला लागला. डॉक्टर श्वासाची ट्यूब टाकायला आले, मी ट्रे उघडला, तर घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागेना. सेल गेलेले. त्या दिवशी ड्युटी घेताना ड्रमच्या गडबडीत ट्रे मीही तपासला नव्हता. वॉर्डबॉय मामा शेजारच्या वॉर्डात पळत गेले आणि तिथला घेऊन आले. मिनिट-दीड मिनिट गेलं असेल. पेशंट वाचला. पण ते दीड मिनिट मी अजून विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मग बोलली का नाहीस? मला वाटलं, ट्रे तूच बघतेस." खोटं बोलत नव्हत्या. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि दोन दहाची एस.टी. चुकली तर पुढची सव्वातीनला. त्यामुळे पाऊण वाजल्यापासून त्यांचा जीव घड्याळाकडे. जे काम शेवटी करायचं म्हणून ठेवलेलं असायचं, ते हमखास राहायचं. आम्ही ठरवलं की ट्रे आणि ड्रम त्या ड्युटीवर आल्या आल्या करतील, अगदी राउंड सुरू व्हायच्या आत. कामं तीच राहिली, फक्त त्यांचा क्रम बदलला. त्यानंतर वर्षभर आम्ही एकत्र होतो, ट्रे एकदाही रिकामा सापडला नाही.

हे इतकं लांबवून सांगितलं, कारण काम टाकून जाणारा माणूस म्हणजे कामचुकार असं आपण चटकन ठरवून टाकतो. मी पाहिलेल्यांत खरे कामचुकार थोडे. बाकीच्यांत कुणाला घराची ओढ, कुणाला ते काम नीट येतच नाही आणि विचारायची लाज वाटते. सक्शन करायला, म्हणजे नळीनं घशातला कफ ओढून काढायला घाबरणारी, म्हणून ते पुढच्या ड्युटीवर ढकलणारी पंधरा वर्षं नोकरी झालेली सिस्टर मी पाहिली आहे. तिला ओरडून काय होणार होतं? चार वेळा तिच्याबरोबर उभी राहिले, हात बसला.

आता तुझ्या दोनच्या इंजेक्शनांकडे येते. आठ-आठ तासांनी द्यायचं औषध आपल्याकडे बहुतेक वॉर्डांत सहा, दोन, दहा असं देतात. आणि सकाळची ड्युटी संपते दोनला. म्हणजे मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाची दुपारची बाटली नेमकी उंबरठ्यावर येते. सकाळची सिस्टर म्हणते, दोन वाजलेत, आता पुढची बघेल. दुपारची म्हणते, दोनचा डोस होऊन गेलेला असणार. यात कुणाची लबाडी नसतेही, पण डोस राहतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे दोनदा जातो. सही नव्हती म्हणून दुसऱ्यांदा दिलेलं इन्सुलिन मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शुगर बेचाळीसवर आली होती, २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर पेशंट डोळे उघडून बोलायला लागला.

अशी उंबरठ्यावरची कामं प्रत्येक वॉर्डात असतात. दोनचा डोस, सकाळी सहाची सॅम्पल, डिस्चार्जचा कागद, संपत आलेला ऑक्सिजनचा सिलिंडर, दीड वाजता लावलेली रक्ताची पिशवी. ती कुणाच्याच नावावर नसतात. आपल्याकडे म्हणतातच, भागीचं घोडं किवणानं मेलं. तुझ्या वॉर्डातली अशी पाच-सहा कामं एका कागदावर काढ आणि इन्चार्ज सिस्टरांकडे जा. "त्या कामं ठेवून जातात" असं म्हणू नकोस. "मॅडम, दोनचा डोस सकाळच्या ड्युटीनं द्यायचा की दुपारच्या? रोज गोंधळ होतो, एकदा ठरवून द्याल का?" असं विचार. माझ्या वॉर्डात आम्ही ठरवलं होतं की दोनचा डोस सकाळची ड्युटी पावणेदोनपर्यंत देईल, सही करेल, आणि मगच ओव्हर. ते कागदावर लिहून नर्सिंग स्टेशनला चिकटवलं. महिन्याभरात भांडणं निम्म्यावर आली.

दुसरी गोष्ट ओव्हरची. टेबलाशी उभं राहून, रिपोर्ट बुक वाचून दाखवत दिलेला ओव्हर मी घ्यायचे नाही, आणि तूही घेऊ नकोस. खाटेजवळ जाऊन घे. तीस पेशंट असतील तर तिसांजवळ उभं राहायला वेळ मिळणार नाही हे मला माहीत आहे. मग निदान सिरियस पेशंट, नवीन ॲडमिशन, रक्त चालू असलेले, ऑक्सिजनवरचे आणि इन्सुलिनवाले, एवढ्यांपाशी जा. सलाईनच्या बाटलीकडे बघ, इंट्राकॅथच्या (शिरेतल्या सलाईनच्या नळीच्या) जागी सूज आहे का बघ, लघवीची युरोबॅग बघ, चादर उचलून पाठ बघ. दर दोन तासांनी कूस बदललेली असेल तर पाठ सांगते. नसेल तरी सांगते. खाटेपाशी उभं राहिल्यावर "सगळं झालंय" असं म्हणणं अवघड जातं, कारण न झालेलं दोघींनाही दिसत असतं. ही माझ्या मनची शिस्त नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय मांडले, त्यांत ड्युटी बदलतानाचा संवाद हा एक स्वतंत्र उपाय आहे. कुणी "कशाला एवढं?" म्हणालं तर हे सांगता येतं.

काय बोलायचं, हा तुझा खरा अडसर असणार. सिनियरला बोलायचं म्हणजे घसा कोरडा पडतो, मला आठवतंय. एका वेळी एकच खाट आणि एकच काम धर. "सिस्टर, सात नंबरची दोनची बाटली बाकी दिसतेय. तुम्ही लावून जाताय की मी लावू? मी लावली तर सही माझी आणि वेळ दोन वीस टाकते." एवढंच. "तुम्ही नेहमी", "तुमचं रोजचंच", "सगळी कामं माझ्यावर", हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. ते शब्द आले की बोलणं बाटलीवरून स्वभावावर जातं, आणि स्वभावावर गेलेलं भांडण वॉर्डात मिटत नाही. आवाज पेशंटच्या नातेवाइकांपर्यंत जाता कामा नये. पण पाठीमागेही बोलू नकोस. चहाच्या टेबलावर तू केलेली तक्रार संध्याकाळपर्यंत मीठमसाला लागून त्यांच्याकडे पोचलेली असते, आणि मग त्या तुझ्याशी नीट बोलतील ही शक्यताही संपते.

तुझं वाक्य ऐकून त्या चिडतील, पहिल्या दोन-तीन वेळा नक्कीच. "आम्ही वीस वर्षं काय केलं मग?" असं ऐकावं लागेल. ऐकून घे, उलट बोलू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच साध्या आवाजात विचार. मी पाहिलंय, साधारण आठवड्याभरात माणूस निघायच्या आधी स्वतःच एक फेरी मारून येतो, कारण विचारलं जाणार हे कळलेलं असतं.

सहीबद्दल मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. जे काम तू केलं नाहीस त्यावर तुझी सही नको. मागच्या ड्युटीचे रिकामे रकाने तू भरू नकोस, त्या कितीही गोड बोलून म्हणाल्या तरी. सकाळी दहाचा बी.पी. कुणी घेतला नसेल तर तो रकाना रिकामाच राहू दे. तू दोन वीसला घेतलास तर दोन वीस लिही. कॉलेजात शिकलीस ना, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही? त्याची दुसरी बाजू कुणी शिकवत नाही. न केलेलं लिहिलं तर पुढचा डॉक्टर त्या आकड्यावर औषध ठरवतो. उद्या काही झालं आणि केस पेपर कोर्टात गेला, तर सही ज्याची त्यालाच उत्तर द्यावं लागतं. "मी फक्त त्यांचं भरून दिलं" हे तिथे चालत नाही.

खऱ्या कामचुकाराचंही सांगते, कारण सगळ्या गोष्टी बोलून सुटतात असं म्हणणं खोटेपणा होईल. मी इन्चार्ज असताना रात्रपाळीला एक ब्रदर (पुरुष नर्स) होते. पहाटेचे टी.पी.आर. (ताप, नाडी, श्वास) ते टेबलावर बसूनच लिहायचे. अठ्ठावीस पेशंट आणि अठ्ठावीस जणांची नाडी ८०, ताप नाही. मी सकाळी ओव्हर घेताना थर्मामीटर घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर तीन पेशंटचा ताप घेतला. एकाचा १०२ निघाला. पहिल्यांदा एकट्यात बोलले. दुसऱ्यांदा रिपोर्ट बुकात लिहिलं, फक्त खाट, वेळ आणि आकडा, कोणतंही विशेषण न लावता. तिसऱ्यांदा मेट्रन मॅडमकडे, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरिष्ठांकडे, लेखी दिलं आणि त्यांना मेमो निघाला. कायम कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात, आणि कर्तव्यपरायणता ही त्यातली अगदी सुरुवातीची अपेक्षा आहे. मेमोला त्याचा आधार होता. पुढे त्यांची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली. तिथे ते सुधारले का? नाही. माझा वॉर्ड सुटला, दुसऱ्या वॉर्डाच्या गळ्यात पडलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. आपल्याकडे बदली करून विषय मिटला असं मानतात, आणि अशी माणसं वॉर्डावॉर्डांतून फिरत निवृत्त होतात.

त्या ब्रदरांमुळे मी एक मोठा बदल केला. आमच्याकडे कामवार वाटप होतं, एकीकडे इंजेक्शनं, एकीकडे बी.पी. आणि चार्ट, एकीकडे ड्रेसिंग. मी खाटवार वाटप सुरू केलं. एक ते दहा तुझ्या, अकरा ते वीस तिच्या, त्यांचं सगळं त्या त्या सिस्टरनं बघायचं, आणि नाव फळ्यावर. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्यानं १९१३ साली दोर ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. एकटा माणूस जितका जोर लावतो तितका तो घोळक्यात लावत नाही, आठ जणांनी मिळून ओढलं तर दर माणशी जोर जेमतेम निम्मा भरतो. पुढे १९७९ च्या सुमारास अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तसेच प्रयोग झाले, आणि नंतर दिसलं की कुणी किती केलं हे वेगळं मोजलं जातंय असं कळलं की माणूस पुन्हा पूर्ण जोर लावतो. हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. पण फळ्यावर नाव लागल्यावर अकरा ते वीसच्या कुशी बदलायला लागल्या, हे त्याच्या आधीच बघितलं होतं. तू इन्चार्ज नाहीस, तुला हे करता येणार नाही. पण वॉर्ड मीटिंगमध्ये सुचवता येईल. एकटीनं नको, तुझ्यासारख्या दोघी-तिघींनी मिळून.

तू कंत्राटी आहेस, ऑर्डर पुन्हा निघायची तर इन्चार्जच्या शब्दावर बरंच अवलंबून असतं, ही तुझी भीती मला पूर्ण कळते. म्हणून लेखी तक्रारीची घाई करू नकोस. आधी महिनाभर एका साध्या वहीत टिपण ठेव. तारीख, खाट नंबर, काय राहिलं होतं, तू किती वाजता केलंस. पेशंटचं नाव लिहू नकोस, केस पेपरचे फोटो काढू नकोस, आणि काही झालं तरी ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नकोस. तसं केलंस तर चूक त्यांची असूनही चौकशी तुझी होईल. महिन्याच्या शेवटी वही चाळ. कदाचित तुझ्याच लक्षात येईल की वीसपैकी बारा वेळा एकच काम राहतंय, किंवा फक्त ओ.पी.डी.च्या दिवशी, ॲडमिशनचा लोंढा येतो तेव्हाच राहतंय. मग तो प्रश्न त्या सिस्टरांचा नाहीच.

हे मी मुद्दाम सांगते आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष बघितला तर शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात दर तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, म्हणजे एका ड्युटीला साधारण नऊ खाटांना एक, आणि शिवाय रजेसाठी ३० टक्के जास्तीच्या. तुझ्या वॉर्डात सकाळी किती सिस्टर असतात? मी तर चाळीस पेशंटला दोघी असे कित्येक महिने काढले आहेत, त्यात जमिनीवरचे वेगळे. अशा सकाळी राउंड, डिस्चार्ज, ॲडमिशन, इंडेंट (स्टोअरमधून सामान मागवणं), सगळं दोघींवर. तिथे कामं राहणारच. त्या दिवशी दोनला आलेली तू आणि निघालेल्या त्या, तुम्ही एकमेकींवर डोळे वटारून काय मिळवणार? रिपोर्ट बुकात पेशंट किती आणि स्टाफ किती हे रोज लिहा, न चुकता, दोन्ही ड्युट्यांनी. महिन्याचा तो हिशोब घेऊन इन्चार्जनं मेट्रन ऑफिसला गेलं तर निदान एखादी सिस्टर वाढवून मागता येते. माझ्या वॉर्डाला अशी एक मिळाली होती, आठ महिने लागले.

एक तुझ्याबद्दलही. तू राहिलेली कामं पूर्ण करतेस, पण रात्रीच्या सिस्टरला तू काय ठेवून जातेस? रागावू नकोस. वरून आलेलं ओझं आपण नकळत खाली सरकवतो. फर्स्ट इयरच्या मुलींना, मावशींना "जरा बघून घे" म्हणून सांगतो. मावशींनी सलाईन बंद करणं हे आपलं काम त्यांच्यावर टाकणंच आहे. आणि सगळ्यात खाली कोण असतं माहीत आहे? पेशंटची मुलगी. रात्रभर स्टुलावर बसलेली, बाटली संपत आली का बघणारी, लघवीचं भांडं मोजून ठेवणारी, सॅम्पल हातात घेऊन लॅबची खिडकी शोधत फिरणारी. आपल्या तीन ड्युट्यांनी एकमेकींवर ढकललेलं काम शेवटी ती करत असते, आणि तिला कुणालाच ओव्हर देता येत नाही. माझा राग येतो तो या जागी. तुझ्या प्रश्नात तू मरमर लिहिलंस, ते खरंच आहे, पण त्या मुलीचीही थोडी मोज.

उद्या दुपारची ड्युटी असेल तर वीस मिनिटं लवकर जा. रोज जाऊ नकोस, नाहीतर तीही तुझी ड्युटी होऊन बसेल. फक्त उद्या. युनिफॉर्म घालून सरळ इमर्जन्सी ट्रेपाशी जा, लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघ, श्वास द्यायची अँब्यू बॅग दाबून बघ, ॲड्रिनालिन-ॲट्रोपिनची इंजेक्शनं मोज. मग त्या सिस्टरांना म्हण, "चला ना सिस्टर, सिरियस पेशंटजवळ उभं राहून ओव्हर घेऊ, मला नीट लक्षात राहतं." बाकी काही बोलू नकोस. पहिल्या दिवशी एवढं पुरे, आणि काय झालं ते मला कळव.